पहिल्या अक्षराआधी : संगणक जागा होण्याचा उपेक्षित इतिहास

१/
पावस, तालुका रत्नागिरी. आषाढातली संध्याकाळ. वीज तिसऱ्यांदा जाऊन परत आली आहे. कुण्या एका घरात संगणकाची कळ दाबली जाते. पंखा फिरू लागतो, हिरवा दिवा लागतो, पडदा मात्र काळाच राहतो. घरातले जाणते माणूस निर्णय देते, “गेलं मशीन!” वस्तुतः मशीन गेलेले नसते. जागे होण्याच्या वाटेवर ते कुठेतरी अडलेले असते, आणि कुठे अडले हे सांगण्याइतकी वाचा त्याला अजून फुटलेली नसते.

२/
हा धागा त्या काळ्या पडद्याच्या इतिहासाचा आहे. महाराष्ट्रातील संगणनाचा इतिहास सहसा यंत्र बोलू लागल्यानंतरच्या घटनांपासून सांगितला जातो : अमुक साली उद्घाटन झाले, तमुक वेग गाठला, अमुक देशाने नकार दिला म्हणून जिद्दीने स्वदेशी यंत्र उभे राहिले. कळ दाबल्यापासून पहिले अक्षर उमटेपर्यंतच्या टप्प्यावर ज्यांनी आयुष्याची उमेदीची वर्षे घालवली, त्यांचे काम या कथनात येतच नाही. इतिहासलेखनातील ही साधी गाळलेली जागा नव्हे. त्यामुळे संपूर्ण कथेचाच अर्थ बदलतो.

३/
आधी शब्दांची उकल. ‘बूट होणे’ यातला बूट पायातलाच. बुटाच्या मागचा पट्टा ओढून स्वतःच स्वतःला वर उचलायचे, अशी इंग्रजीतील ती अशक्यप्राय कल्पना. संगणकाला नेमके तेच करावे लागते. प्रोग्रॅम मेमरीत आणण्यासाठी प्रोग्रॅम लागतो. मग तो पहिला प्रोग्रॅम कोण आणणार?

४/
वीज मिळताच प्रोसेसरला एकच गोष्ट ठाऊक असते : मेमरीतला एक ठरलेला पत्ता. तिथे चिपमध्ये कायमचा कोरलेला छोटा प्रोग्रॅम असतो. तो डिस्कवरून लोडर आणतो. लोडर कर्नल आणतो. कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. तो बहुधा दाबून, आटोपशीर करून ठेवलेला असतो, म्हणून प्रथम स्वतःला उलगडतो. मग मेमरी किती आहे ते पाहतो, पत्त्यांची कोष्टके मांडतो, अवचित येणाऱ्या विद्युत्-हाकांना कोणी उत्तर द्यायचे ते ठरवतो, घड्याळ लावतो. पडद्यावर किंवा सीरियल तारेवर अक्षर लिहिण्याची सोय या सगळ्यानंतर केव्हातरी होते.

५/
पेच इथेच आहे. एरवी प्रोग्रॅममधला दोष शोधायचा तर जागोजागी संदेश छापून पाहता येतात. बूटच्या आरंभी छापण्याची सोयच अस्तित्वात नसते. दोष पाहण्याचे साधन आणि दोषग्रस्त वस्तू या दोन्ही एकच. आंधळ्याने स्वतःच्याच डोळ्यांची शस्त्रक्रिया करावी, तसला हा प्रकार.

६/
तरीही मौनाला अर्थ असतो. यंत्र निपचित थांबले, की पुन्हापुन्हा पहिल्यापासून सुरू होत राहिले, हा फरक फार मोलाचा आहे. इंटेल घराण्यातील प्रोसेसरवर एक चूक हाताळताना दुसरी झाली आणि तीही हाताळता आली नाही, तर प्रोसेसर हात टेकतो आणि यंत्र आपोआप पुन्हा सुरू होते. जुन्या जाणत्यांची युक्ती अशी : कर्नलच्या आरंभीच्या भागात एका जागी मुद्दाम अंतहीन आवर्तन घालायचे, म्हणजे यंत्र तिथे पोहोचले की तिथेच फिरत राहील. कळ दाबायची. यंत्र पुन्हा सुरू न होता गप्प थांबले, तर ते त्या जागेपर्यंत सुखरूप आले होते. मग आवर्तन थोडे पुढे सरकवायचे. पुन्हा सुरू झाले, तर दोष अलीकडे आहे. अशा रीतीने एकही अक्षर न छापता हजारो ओळींमधली एक ओळ पकडता येते. वेळ लागतो, एवढेच.

७/
या विद्येचा उगम केंब्रिजमध्ये सापडतो. ६ मे १९४९ रोजी एडसॅक या यंत्राने पहिला प्रोग्रॅम चालवला. डेव्हिड व्हीलर यांनी त्याच्यासाठी ३१ आज्ञांचा आरंभीचा संच रचला होता. तो कुठे साठवला होता? टेलिफोन एक्स्चेंजमध्ये वापरल्या जाणाऱ्या फिरत्या स्विचांवर, तारांच्या जोडणीच्या रूपात. कळ दाबली की त्या ३१ आज्ञा मेमरीत जात आणि कागदी फितीवरचा प्रोग्रॅम वाचू लागत. आजच्या बूट-चिपचे हे मूळपुरुष. त्याच प्रकल्पाचे प्रमुख मॉरिस विल्क्स यांनी आत्मचरित्रात नोंदवले आहे की, जिन्यावरून ये-जा करताना एका क्षणी त्यांना उमगले, उरलेल्या आयुष्याचा बराच भाग आता आपल्याच प्रोग्रॅममधल्या चुका शोधण्यात जाणार. संगणकशास्त्रातले हे बहुधा सर्वांत प्रामाणिक भाकीत असावे.

८/
आता मुंबई. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९५० च्या दशकाच्या मध्यावर रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तरुणांचा एक लहानसा गट संगणक बांधू लागला. त्यातल्या बहुतेकांनी तोवर संगणक हाताळलेला नव्हता. १९५६ मध्ये प्रायोगिक यंत्र चालू झाले. पूर्ण आकाराचे यंत्र १९६० च्या फेब्रुवारीत कामाला लागले. सुमारे २७०० व्हॉल्व्ह, १७०० जर्मेनियम डायोड, १२५०० रेझिस्टर. मेमरी फेराइट कड्यांची, २०४८ शब्दांची, प्रत्येक शब्द ४० बिटांचा. १९६२ च्या जानेवारीत पंडित नेहरूंनी त्याचे नाव ‘टिफ्रॅक’ ठेवले. त्या नामकरणाची गोष्ट सर्वत्र सापडते.

९/
मात्र या यंत्रावर आजच्या अर्थाने ऑपरेटिंग सिस्टिम नव्हती. याचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. प्रत्येक प्रोग्रॅम चालवणे हेच एक बूट होते. कागदी फितीवरची भोके वाचली जात, मानवी हाताने चालणाऱ्या कन्सोलवरून यंत्राला आरंभ दिला जाई, आणि उत्तर आले नाही तर दोष तीन ठिकाणी असू शके : विचारात, फितीत किंवा धातूत. आज्ञावली चुकली असेल, एक भोक जास्त पडले असेल किंवा २७०० पैकी एखाद्या व्हॉल्व्हने मान टाकली असेल. पडद्यावर कारण लिहून येण्याचा प्रश्नच नव्हता. कॅथोड किरणांच्या नळीवर आलेख आणि अक्षरे दाखवणारी साहाय्यक व्यवस्था या यंत्राला पुढे जोडली गेली. पण तीही यंत्र आधी जागे असेल तरच उपयोगाची.

१०/
टिफ्रॅकवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो : पूर्ण होईपर्यंत ते कालबाह्य झाले होते, व्हॉल्व्ह जाऊन ट्रान्झिस्टर आले होते, आणि १९६४ मध्ये संस्थेत सीडीसी ३६०० हे अमेरिकी यंत्र दाखल होताच त्याची गरज संपली. तथ्य म्हणून यात खोटे काही नाही. पण मोजमाप चुकीचे आहे. विकत घेतलेले यंत्र बूट होत नसेल तर विक्रेत्याला बोलावता येते. स्वतः बांधलेले यंत्र बूट होत नसेल तर बोलावण्याजोगे कोणी नसते, आणि म्हणून त्याच्या प्रत्येक पायरीचे ज्ञान बांधणाऱ्याच्या डोक्यात उतरावेच लागते. टिफ्रॅकचे खरे उत्पादन म्हणजे ती डोकी होती. त्या गटातील पी. व्ही. एस. राव यांच्यासारखी माणसे पुढे दशकानुदशके भारतीय संगणनात काम करत राहिली. गणनेचा वेग त्या मानाने गौण.

११/
पुढची काही वर्षे झपाट्याने ओलांडू. ट्रान्झिस्टरांच्या लहान यंत्रांच्या दर्शनी भागावर दिव्यांची आणि स्विचांची ओळ असे. पीडीपी मालिकेतील यंत्रांवर बूटचा छोटा प्रोग्रॅम स्विच वरखाली करून बोटांनी भरला जाई. अडले तर दिव्यांची आकृती वाचून पत्ता कळे. ऑपरेटरांना ती आज्ञावली तोंडपाठ असे, बाराखडीसारखी. मग दिवे गेले. १२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएम पीसी आला आणि यंत्राचे आरंभीचे निदान एका ‘बीप’ आवाजावर आले. १९८४ च्या एटी नमुन्यात प्रत्येक तपासणीआधी षोडशमान पद्धतीतील ८० क्रमांकाच्या पोर्टवर एक आकडा टाकला जाऊ लागला. दोन अंक दाखवणारे छोटे कार्ड खोबणीत बसवले की यंत्र कोणत्या पायरीवर मेले ते दिसे. जुन्या हार्डवेअर-दुरुस्तीच्या दुकानांत विचारून पाहावे. असे कार्ड एखाद्या खणात अजूनही निघेल.

१२/
पीसीने आणखी एक गोष्ट रूढ केली. डिस्कच्या अगदी पहिल्या ५१२ बाइटांत बूटचा प्रोग्रॅम. शेवटचे दोन बाइट ‘५५’ आणि ‘एए’ असले तरच तो ग्राह्य. हार्ड डिस्कवर विभागांचे कोष्टक वजा जाता प्रत्यक्ष प्रोग्रॅमला ४४६ बाइट उरतात. या परिच्छेदाहूनही लहान अशी ही जागा. आणि तिथे कोण बसले आहे, हे कर्नल येण्यापूर्वी तपासणारे त्या काळी कोणी नव्हते.

१३/
त्या रिकाम्या चौकीवर चोर बसले. १९८६ मध्ये लाहोरमधून निघालेला ‘ब्रेन’ हा पीसीवरचा पहिला विषाणू बूट-सेक्टरचाच. १९९१ मध्ये आढळलेला ‘मायकेलअँजेलो’ मूळ बूट-सेक्टर बाजूला हलवून स्वतः तिथे बसे, ऑपरेटिंग सिस्टिमच्या आधी मेमरीत शिरे आणि ६ मार्चला डिस्कचा आरंभीचा भाग पुसून टाके. एरवी सगळे ठीक दिसे. खूण एकच, पण बोलकी : यंत्राची ६४० किलोबाइट मेमरी ६३८ भरे. हरवलेल्या दोन किलोबाइटांत तो लपलेला असे. दोन शेर कमी भरलेल्या पोत्यावरून चोरी ओळखणाऱ्या कारभाऱ्याची ही दृष्टी.

१४/
या विषाणूने एका पुणेरी कथेचा आरंभ केला. साताऱ्याकडचे कैलाश काटकर कॅलक्युलेटर दुरुस्त करत करत संगणक-दुरुस्तीपर्यंत पोहोचले होते. दुकानात येणारी कितीतरी यंत्रे सुट्या भागांनी बिघडलेली नसत, विषाणूंनी बिघडलेली असत. धाकटे बंधू संजय तेव्हा संगणकशास्त्र शिकत होते. त्यांनी मायकेलअँजेलो काढून टाकणारे साधन लिहिले, आणि त्यातूनच पुढे ‘क्विक हील’ उभी राहिली. ही कथा उद्योजकतेची, गरिबीतून श्रीमंतीची म्हणून शेकडो वेळा सांगितली गेली आहे. तिचे तांत्रिक मर्म मात्र कुणी सांगत नाही : एकाला यंत्राचा धातू कळत होता, दुसऱ्याला आज्ञावली, आणि दोष नेमका त्या दोहोंच्या सांध्यावर होता. बूटचे दोष नेहमी त्याच सांध्यावर असतात.

१५/
आता ‘परम’. पुण्यातील इतिहासप्रेमींना ही कथा तोंडपाठ आहे, आणि ती अर्धीच आहे. प्रचलित रूप असे : अमेरिकेने क्रे संगणक नाकारला, म्हणून डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९८८ मध्ये सी-डॅक स्थापन झाली आणि १९९१ मध्ये परम ८००० साकार झाला. पहिली दुरुस्ती : नकार सरसकट नव्हता. मागितला होता त्याहून कमी क्षमतेचा क्रे एक्स-एमपी १४ हवामानाच्या अंदाजासाठी दिल्लीत आलाच. नकाराची कथा भाषणात शोभते; इतिहासात तिला तळटीप लागते.

१६/
दुसरी दुरुस्ती अधिक महत्त्वाची. परम ८००० ब्रिटनच्या इन्मॉस कंपनीच्या ट्रान्सप्युटर चिपांपासून बनला होता. ‘मग त्यात स्वदेशी ते काय?’ असा कुत्सित प्रश्न हमखास येतो. चिपा विकत मिळत होत्या हे खरे. पण ६४ ट्रान्सप्युटर एका पेटीत बसवले म्हणजे ६४ मुकी बाहुली झाली. त्यांचे एक यंत्र कसे होते, हे समजायला ट्रान्सप्युटर जागा कसा होतो ते पाहावे लागते. इथे थोडे रेंगाळणे भाग आहे, कारण हे प्रकरण विलक्षण देखणे आहे.

१७/
प्रत्येक ट्रान्सप्युटरला चार दुवे असत, शेजाऱ्यांशी बोलण्यासाठी. स्वतःची बूट-चिप प्रत्येकाला देण्याची गरज नव्हती. एक पिन विशिष्ट स्थितीत ठेवली की रीसेट झाल्यावर ट्रान्सप्युटर चारही दुव्यांकडे कान लावून बसे. कोणत्याही दुव्यावरून पहिला बाइट आला की त्याची किंमत पाही. शून्य असेल तर पुढे येणारा पत्ता आणि पुढे येणारे मूल्य घेऊन ते मूल्य त्या पत्त्यावर लिही. एक असेल तर पुढील पत्त्यावर काय आहे ते वाचून त्याच दुव्याने परत सांगे. दोन किंवा अधिक असेल तर तितके बाइट प्रोग्रॅम म्हणून मेमरीत घेई आणि चालू लागे. एका बाइटात २५५ हून मोठी संख्या मावत नाही, म्हणून पहिला प्रोग्रॅम जास्तीत जास्त २५५ बाइटांचा.

१८/
याचा अर्थ असा की प्रोग्रॅमची एकही ओळ चालण्याआधी, कर्नलचा पत्ताही नसताना, शेजाऱ्याला त्या चिपच्या मेमरीत लिहिता आणि वाचता येई. लिहिले तेच परत आले, तर मेमरी ठीक. उत्तरच आले नाही, तर दुवा तुटलेला किंवा चिप मेलेली. जागे होण्यापूर्वीच नाडी पाहण्याची ही सोय होती. शिवाय ‘अॅनलाइज’ नावाची वेगळी पिन होती. ती वापरून रीसेट केले तर मेमरीतला मजकूर जसाच्या तसा राही आणि अडलेल्या चिपची शवचिकित्सा करता येई.

१९/
मग ६४ जण कसे जागे होत? पहिल्याला यजमान संगणक उठवी. तो शेजाऱ्यांना उठवी. ते त्यांच्या शेजाऱ्यांना. काकडआरतीला आळीतले पहिले दार उघडावे आणि हाक घराघरांतून पुढे जावी, तसे. ट्रान्सप्युटरच्या जगात यासाठी ‘वर्म’ म्हणून ओळखले जाणारे प्रोग्रॅम होते. ते दुव्या-दुव्यांतून सरपटत जात, कोण कोणाला जोडले आहे याचा नकाशा बनवत आणि परत आणून देत. नकाशात ६४ ऐवजी ६३ आले, की कोणत्या फांदीवर हाक थांबली हे शोधायचे. दोष त्या चिपमध्ये असू शके, तिच्या अलीकडच्या दुव्यात असू शके, किंवा अलीकडच्या शेजाऱ्याने हाक अर्धवट दिलेली असू शके. समांतर यंत्रात एकाच्या अंगातला दोष दुसऱ्याच्या मौनातून दिसतो. ही विद्या इन्मॉसच्या पुठ्ठ्याच्या खोक्यातून आली नाही. चिपा आयात झाल्या, त्यांना एकत्र उठवणे आयात करता येण्याजोगे नव्हते. ‘परम’चे स्वदेशीपण शोधायचे तर तिथे शोधावे.

२०/
त्याच १९९१ च्या ऑगस्टमध्ये फिनलंडमधला एक विद्यार्थी, लिनस टॉरवल्ड्स, आपण हौस म्हणून लिहीत असलेल्या कर्नलची घोषणा करत होता. लिनक्सच्या आरंभकाळातील ‘लिलो’ हा लोडर तर मौन फोडण्याचा उत्तम नमुना. तो आपल्याच नावाची चार रोमन अक्षरे एकेक पायरी ओलांडल्यावर एकेक करून छापी. पडद्यावर फक्त ‘एल’ दिसले, तर दुसऱ्या टप्प्याचा भाग डिस्कवरून आणताच आला नाही. ‘एल-आय’ दिसले, तर भाग आला पण चालला नाही. ‘एल-आय-एल’ असेल, तर चालला, पण पुढचे कोष्टक वाचता आले नाही. चारही अक्षरे आली, की लोडर सुखरूप. चार अक्षरांत एवढे निदान! ज्यांनी १९९० च्या दशकात मासिकांबरोबर आलेल्या सीडीवरून लिनक्स चढवले, त्यांच्या स्मरणात ही अक्षरे घट्ट असतील.

२१/
लिनक्सच्या पोटातली आणखी एक गोष्ट इतिहासाच्या विद्यार्थ्यांना खास रुचावी. पडदा तयार होण्याआधीही कर्नल संदेश लिहीतच असतो, फक्त ते मेमरीतल्या एका पट्टीत साठत जातात. पडदा जागा झाला की सगळे भडाभडा बाहेर येतात. वाटेतच प्राण गेला, तर ते कुणी वाचलेच नाही असे होते. म्हणूनच ‘अर्ली-प्रिंट-के’सारख्या सोयी निघाल्या : पूर्ण व्यवस्थेची वाट न पाहता सीरियल पोर्टच्या तारेवर थेट अक्षरे ढकलायची. आणि तीही सोय नसेल, तर वीज न तोडता रीसेट करायचे व मेमरीतली ती पट्टी बाहेरून वाचायची; नशिबाने ती शाबूत असते. दस्तऐवज अस्तित्वात आहे, वाचणारा पोहोचायचा आहे, ही स्थिती मोडी वाचणाऱ्यांना नवी नाही.

२२/
पुण्याच्या पेशवे दप्तराचे उदाहरण इथे दूरचे वाटू नये. गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० च्या दशकात निवडक दप्तराचे ४५ खंड निघाले. लढाया आणि तह त्याआधीही बखरींतून माहीत होते. राज्य रोज कसे चालत होते, कुठे अडत होते, हे मात्र पत्रांतून, हिशेबांतून, रोजकीर्दीतून कळले. यंत्राचा बूट-लॉग ही त्याची रोजकीर्द आहे. ‘टिफ्रॅक’ आणि ‘परम’ यांच्या बखरी विपुल आहेत. त्यांच्या रोजकीर्दी, म्हणजे दोषांच्या नोंदवह्या, अमुक तारखेला अमुक चिप उठली नाही अशा टिपणांची पाने, यांच्याकडे मात्र साधन म्हणून पाहिले जात नाही. ज्यांनी ती लिहिली त्यांतले कित्येक आज सत्तरीच्या पुढे आहेत. घरातली जुनी वही रद्दीत घालताना ती इतिहासाचे साधन आहे असे कुणाच्या मनात येणार?

२३/
‘आता यंत्रे बिनबोभाट सुरू होतात, ही विद्या मूठभरांसाठी राहू द्या’, असा युक्तिवाद होतो. त्याला उत्तर १९ जुलै २०२४ ने दिले. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-प्रणालीच्या एका सदोष अद्ययावत फाईलमुळे, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, विंडोजची सुमारे ८५ लाख यंत्रे कोसळली. दोष कर्नलमध्ये बसलेल्या आणि बूटच्या वेळीच जाग्या होणाऱ्या घटकात होता. त्यामुळे यंत्र उठे, कोसळे, पुन्हा उठे, पुन्हा कोसळे. जाळ्यावरून दुरुस्ती पाठवावी, तर ती घेण्याइतका वेळ बहुतेक यंत्रे जागीच राहत नव्हती. भारतातील विमानतळांवर त्या दिवशी हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. उपाय काय होता? माणसाने यंत्रापाशी जायचे, कमीत कमी घटकांसह ते सुरू करायचे, एक फाईल पुसायची, पुढच्या यंत्राकडे जायचे.

२४/
त्या दिवशी उपयोगी पडले ते ‘आधी थोडेच जागे कर, मग बाकीचे’ हे केंब्रिजच्या त्या ३१ आज्ञांइतकेच जुने शहाणपण. ज्या कार्यालयात हे जाणणारा एक माणूस होता, तिथले काम लवकर मार्गी लागले असणार. जिथे नव्हता, तिथे बाहेरून माणूस येण्याची वाट पाहणे आले. मोठ्या शहरात ही वाट तासांची असते. कोकणच्या किनाऱ्यावरील गावात ती दिवसांची असू शकते.

२५/
दोष उत्पादकांच्या अभिरुचीकडेही जातो. १९९० च्या दशकात यंत्र सुरू होताना संदेशांच्या ओळी सरसर जात. बहुतेकांना त्या कळत नसत, पण ‘आत काही टप्पे आहेत’ एवढे तरी कळे. आता त्या ओळी लपवून त्यांच्या जागी बोधचिन्ह आणि गोल फिरणारे टिंब आले आहे. दिसायला छान, पण ज्या मुलाला कुतूहल आहे त्याच्या तोंडावर लावलेले दार. लिनक्सच्या बऱ्याच वितरणांत बूटच्या आज्ञेतून ‘क्वाएट’ आणि ‘स्प्लॅश’ हे दोन शब्द काढले की ओळी परत दिसू लागतात. शाळेच्या प्रयोगशाळेतील एका तरी यंत्रावर ते कायमचे काढून ठेवावेत.

२६/
आणि आता पुन्हा पावस. तिथल्या एखाद्या विद्यार्थिनीला हा इतिहास हाताने अनुभवायचा असेल, तर तिला पुण्यामुंबईची वाट धरण्याचे कारण नाही. ‘क्यूएमू’ हे मोफत सॉफ्टवेअर संगणकाच्या आत दुसरा संगणक उभा करते आणि त्याला अगदी पहिल्या आज्ञेवर रोखून धरू शकते. मग एकेक आज्ञा पुढे नेत कर्नल जागा होताना पाहता येतो. वीज गेली, तर लॅपटॉपची बॅटरी पुरेल तेवढा वेळ हा प्रयोग चालतो.

२७/
खरे यंत्र हवे असेल तर रास्पबेरी पायचा छोटा बोर्ड पुरे. त्याला पडदा न जोडता मुद्दाम अपुरे कार्ड घालून वीज द्यावी. हिरवा दिवा चार वेळा लुकलुकला तर आरंभीची फर्मवेअर-फाईल सापडली नाही. सात वेळा, तर कर्नल सापडला नाही. आठ वेळा, तर मेमरीतच बिघाड. पीडीपीच्या दर्शनी दिव्यांची ओळ गेली, पण तिच्यातला एक दिवा असा उरला आहे. कार्ड नीट केल्यावर सेटिंगच्या फाईलमध्ये सीरियल पोर्ट चालू करावा आणि यूएसबी-सीरियल तार जोडावी : बोर्डाची ६ क्रमांकाची पिन जमिनीच्या तारेला, ८ क्रमांकाची तारेच्या ग्राहक टोकाला, १० क्रमांकाची प्रेषक टोकाला. वेग ११५२००. तार ३.३ व्होल्टची आहे ना, हे आधी तपासावे; ५ व्होल्टच्या तारेने बोर्ड कायमचा मुका होतो.